अम्माची बोलणी माझ्यामागे कोणी खावी

मी, सेतू, बाप कैलासवासी मुकुंदराव, वय सत्तावीस, काम बोअरवेलच्या गाडीवर रॉड चढवणे-उतरवणे, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम, हे माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कंबर नाही. परभणीकडे काम चालू असता रॉड सुटून पाठीवर बसला, त्याचे ऑपरेशन परवा तंजावरला आहे. तिथे "जिवाचे काही झाले तर" अशा कागदावर माझी सही घेतली. मग म्हटले, त्यांचा कागद झाला, माझा कोठे आहे? मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही. घाबरलो आहे, पण घाबरण्याने कागद बाद होत नाही असे शेजारचे विजयराघव मामा सांगतात.

कलम एक. हे मराठीत, तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून आमच्या घरात चालत आलेल्या भाषेत, लिहिले आहे ते मुद्दाम. शाळा नववीत सुटली, तीही तमिळ. ही अक्षरे भजनमठातल्या फळ्यावर शिकलो, तीही अर्धी. परभणीत एक म्हातारी माझे बोलणे ऐकून म्हणाली, "लेकरा, तू कोण्या राजाच्या काळातला?" (तिच्या शेतात पाणी लागले नाही. तीनशे फूट गेलो. ते असो.) माझा मोठा भाऊ उमेश, ज्याला मी अण्णा म्हणत होतो, त्याला ही अक्षरे वाचता येत नाहीत. हा कागद त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. मोठ्याने, चार माणसांत.

कलम दोन, घर. या घरातला माझा अर्धा हिस्सा माझी आई अंबुजा हिला, तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर तो उमेशला. होय, उमेशलाच, पण कलम पाच आधी वाचा.

कलम तीन. माझे बँकेतले सर्व पैसे अम्माच्या बोलण्याच्या उपचाराला लावावेत, दुसऱ्या कशालाही नाही. उपचार बोलणे शिकवणारी पवित्राच करेल. ती पापनाशम्‌हून मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीने येते. का तीच, ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की जवळ कोणीतरी स्वस्त आहे.

सव्वा वर्षामागे अम्माला झटका आला. उजवा हात गेला, बोलणे गेले. समजत सगळे होते, शब्द तेवढे येत नव्हते. मी तेव्हा गाडीबरोबर आंध्रात. उमेशने तिला बोलणे शिकवण्याच्या एका केंद्रात नेले. तिथल्या फॉर्मवर "घरची भाषा" असे विचारले होते. त्याने लिहिले, तमिळ. आमच्यात बाहेर सगळे तमिळच बोलतात, उंबरा ओलांडला की जीभ आपोआप बदलते, म्हणून पहिल्यांदा मी त्याला दोष दिला नाही. सात महिने त्या लोकांनी अम्माला चित्रे दाखवून तमिळ नावे विचारली. त्यांचा काय दोष? अम्मा नुसती "म्, म्" करी आणि रडे.

मी चहाच्या टपऱ्यांवर विचारत फिरलो. फिरणे मला येते. पापनाशम्‌ला एक लॉरीवाला भेटला, त्याचा बाप पवित्राकडे पुन्हा बोलायला लागला होता. तिला घरी आणले. तिने फॉर्म काढलाच नाही. विचारले, "अम्मा रागावतात कोणत्या भाषेत?"

उमेश म्हणाला, "तमिळ."

गायत्रीवहिनी जमिनीकडे बघत राहिली. मी म्हणालो, "मराठी. आणि रागावते ती मलाच."

"मग बाहेर जा," पवित्रा म्हणाली, "आणि आत या. रोज येता तसे."

मी गेलो, आलो, चप्पल पायातच. अम्माने मान वर केली. सात महिन्यांनी पहिले वाक्य आले, अख्खे: "मेल्या, कोठे उंडगत होतास? चप्पल बाहेर!"

पवित्राला मराठी कळत नाही, पण तिने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, झटक्यानंतरही पुष्कळांची सवयीची बोलणी शिल्लक राहतात, तिथूनच धरून पुढे जायचे. त्या दिवशी मी बावीस वेळा आत आलो. महिन्याभरात अम्मा "जेवलास?" म्हणायला लागली, "कॉफी" म्हणायला लागली, शेजारच्या मांजराला नावाने हाक मारायला लागली. बारा वर्षे उंडगलो त्याचा हा एवढा एकच उपयोग झाला.

कलम चार, जुने खाते. मला कामावर परत जावे लागले. पवित्राने उपाय काढला. मी रोज संध्याकाळी उमेशच्या फोनवर आवाज पाठवायचा: कडी वाजवायची, चपला आपटायच्या, "अम्मा, आलो" म्हणायचे आणि थोडा वेळ गप्प राहायचे. त्या गप्प जागेत अम्माने रागवायचे. उमेशने फक्त तो लावायचा. मी कडी नसेल तिथे गाडीचा पत्रा वाजवला. गाडीवरची पोरे हसायची. उमेशचे उत्तर यायचे, "लावला. आज दोन नवे शब्द." एकदा आले, "आज पाच." त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

पाठ मोडून घरी आलो तेव्हा अम्माने माझ्या चपलांकडे पाहिले, आणि काही बोलली नाही.

मी उमेशचा फोन मागितला, तो देईना. वहिनीने आणून माझ्या हातात ठेवला. एकशे अकरा मेसेज. एकही उघडलेला नव्हता. पवित्रालाही त्याने चार महिन्यांमागेच कळवले होते की सेतूने दुसरीकडे सोय केली आहे, येऊ नका. तिला मी त्याच दिवशी परत बोलावले.

मी विचारले, "अण्णा, का?"

"गायत्रीच्या माहेरचे आले होते. त्यांच्यासमोर दिवसभर 'मेल्या, मेल्या'. माझ्या बँकेतला साहेब आला, त्यालाही तेच. लोक हसतात रे. गप्प होती तेव्हा निदान..." त्याने दार लोटून घेतले. मग म्हणाला, "शोभत होती."

पैसे खाल्ले असते तर मी दोन महिन्यांत विसरलो असतो. त्याने ते पाच शब्द बसून रचले. अम्मा बोलत नव्हती आणि मला तिच्या बोलण्याचा आनंद विकत होता. तेव्हापासून मी त्याला उमेश म्हणतो.

कलम पाच. मी परत आलो नाही, किंवा आलो पण चालता आले नाही, तर दारातून आत यायला कोणीतरी हवे. ते काम मी उमेशला देतो. त्याने रोज दिवेलागणीला, माझ्या तपकिरी चपला घालून, न काढता आत यावे, "अम्मा, आलो" म्हणावे आणि ती जे बोलेल ते उभे राहून ऐकावे. मध्ये तमिळ बोलू नये. पाहुणे असले तरी सुटका नाही, असले तर अधिकच चांगले. त्याला सराव नाही हे मला माहीत आहे. तो पहिल्या नंबराचा मुलगा, त्याने जन्मात बोलणी खाल्ली नाहीत, माझ्या वाट्याला दोघांची आली. एक वर्ष हे नीट केले असे पवित्राने लिहून दिले तरच कलम दोनमधला हिस्सा त्याचा. नाहीतर विजयराघव मामांनी तो विकून पवित्राकडे येणाऱ्या गरीब रोग्यांच्या फीला लावावा.

कलम सहा. मोटारसायकल गायत्रीवहिनीला. तिला शिकायची होती, शिकू दिली नाही. क्लच कडक आहे. पान्यांची पेटी गाडीवरच्या पोरांना. बाकी माझे काही नाही.

कलम सात. कागद अमलात आणण्याचे काम विजयराघव मामांचे. पवित्राला साक्षीदार केले नाही, कारण फी तिलाच जायची आहे.

सही करण्याआधी हे सर्व मी कूडात, म्हणजे पुढच्या खोलीत, अम्मासमोर वाचून दाखवले. शुक्रवार होता, पवित्रा होती. कलम पाचाशी उमेश बँकेतून आला आणि दारात थांबला. मी वाचतच राहिलो. "मी परत आलो नाही" हे उमेशसाठी पुन्हा वाचले तेव्हा अम्माने डावा हात उचलला.

"फाड. कागद फाड, मेल्या."

पवित्राने विचारले, काय म्हणाल्या? हे तिच्या यादीत नव्हते, आम्ही शिकवलेले नव्हते. मी कागद छातीशी धरला आणि उमेशकडे बोट केले. उमेशकडे सगळ्यांनी पाहिले. त्याने पवित्राला तमिळमध्ये अर्थ सांगितला. "मेल्या"चा सुद्धा. आपल्याला ही भाषा येते हे त्याने बाहेरच्या माणसासमोर कबूल केलेले मी प्रथमच पाहिले. मग तो चपला काढायला वाकला आणि अर्ध्यात थांबला.

अम्मा, तुझे ऐकत नाही, जन्मभर ऐकले नाही. कागद राहील. कलम पाचही राहील, एक अक्षर खोडलेले नाही. परवा जाऊन येतो, तोवर रागावून ठेव.

लिहून देणार: सेतू
साक्षीदार: विजयराघव, शेजारी
साक्षीदार: शिवकामी, कोपऱ्यावरची फुलवाली (तमिळमध्ये सही)
मुक्काम मेलकावेरी, कुंभकोणम
शुक्रवार, ता. २२ ऑगस्ट २०२५