दामू दारुड्याची चाल

सोम., १२ जाने.
माघी गणपतीला महिला मंडळाचं नाटक. बाप्यांची कामंपण आम्हीच करायची. अंगणवाडीच्या बाईंनी लिवलंय. स्टेजच्या एका अंगाला दामू दारुड्याचं घर. दुसऱ्या अंगाला त्याची बहीण, तिला भाऊ जिता की मेला ठावूक नाय. दोन्ही गोष्टी आपापल्या चालतात, शेवटी एस्टी स्टँडच्या बाकावर गाठ पडते. दामू मी. बाई म्हणे, "काकी, जमेल ना?" म्हटलं, मिशी हायच थोडी, चिकटवायचा खर्च वाचला.

बुध., १४
झिंगायला जमेना. बहिणीचं काम करणारी सुलूवहिनी म्हणते, "दारुडा कुठला गो, बाळंतीण चाललीय!"
घरी अंगणात चालून बघितलं. मग आमचा पोरगा संदेश आठवला. गणपतीत मुंबईहून आलेला, पिऊन दगडी गडग्याकडनं यायचा तसा. डावा खांदा पुढं, पाय मागनं. तस्सं चालले. बघायला कोंबड्या सोडून कोण नाय.

शुक्र., १६
तालमीत सगळ्या हसून लोळल्या. बाई म्हणे हीच चाल ठेवा. संदेश माघीला कधी येत नाय. मग भ्यायचं कशाला.

मंगळ., २०
संदेश आला. न सांगता. नोकरी गेली हे बोलला नाय. पण उशी घेऊन आलाय.
"आये, नाटकात हायस म्हणे?"
"हाय. तू बघू नको, रात्री दचकशील."
"पुढंच बसणार."
जेवलो.

बुध., २१
चाल बदलली. बाई कावल्या, "उद्या नाटक आणि आज हे काय, काकी?" कारण कसं सांगू.

गुरु., २२
झालं नाटक. पाय ऐकले नाय, तीच चाल आली. मांडव हसून हसून बेजार. पुढं बसलेला संदेश हसला नाय.
आमच्याकडं काम आवडलं की नाटक थांबवून बक्षीस पुकारतात. मी आणि सुलू बाकावर, आता भाऊबहीण ओळखणार, तेवढ्यात माइकवर, "दामू दारुड्याला संदेशकडून पन्नास रुपये!" परत हशा. माझी मान वर होईना. सुलूनं हात धरला. ते नाटकात नव्हतं.

शुक्र., २३
चहा देताना विचारलं, "रागावलास?"
"कशाला?"
"त्या चालीनं."
"बाबांची ना? हुबेहूब. मना वाटलं बाबाच आले."
आमचे हे दारूपायीच गेले. इतकी वर्षं यांची चाल मी विसरले म्हणत होते. आणि पोराला अजून ठावूक नाय, की तो कसा चालतो.

शनि., २४
चिपळुणात दारू सोडवणारे डॉक्टर हायत, बाई म्हणाल्या. संदेशला म्हटलं, "सोमवारी चल माझ्यासंगती."
"तुला काय झालं?"
"दामूला दाखवायचाय."
हसला. माझ्याकडं बघत राहिला. हो म्हणाला नाय, नायपण म्हणाला नाय.
आता तिन्हीसांजेला बाहेर पडलाय. मीठ आणतो म्हणाला. मीठ हाय घरात.