न गोठणारं पाणी

९ जानेवारी

पोचले एकदाची! झाखारच्या स्नोमोबाइलमागे घसरगाडीत कातड्यांत गुंडाळून बोचक्यासारखी पडून होते. उतरल्यावर पाय माझेच आहेत ना, हे चिमटा काढून बघावं लागलं. पण छावणी दिसली आणि शीण कुठल्या कुठे गेला. लार्चच्या झाडांत दोन तंबू, दोन्हींतून धूर, मागे गोठलेलं तळं आणि त्यावर गुलाबी ऊन. झाखारला म्हटलं, हे लग्नाआधी दाखवलं असतंस तर मी इतके आढेवेढे घेतले नसते. तो नुसता हसला. त्याच्या तोंडून शब्द म्हणजे कंजुषाच्या खिशातलं नाणं.

एका तंबूत आम्ही दोघं आणि सासूबाई. दुसऱ्यात झाखारचे चुलते, कोंद्रातकाका, एकटेच. रेनडिअर राखणाऱ्यांच्या टोळीत तंबू सांभाळायला एक बाई लागते, ती आता मी. वसतिशाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांचं रांधलंय, चौघांचं काय घेऊन बसलात!

सासूबाईंनी मला नीट बघायच्या आधी माझा नवा कोट बघितला. आईनं शिवलेला, रेनडिअरच्या पिल्लांच्या कातड्याचा. बोटानं टाके चाचपले, 'हं' म्हणाल्या. त्या शिवणकामात पटाईत आहेत म्हणे, म्हणून ते 'हं' मी कौतुकात धरलं.

११ जानेवारी

इथलं खरं काम पाण्याचं. तळ्यावरून कापलेल्या बर्फाच्या लाद्या तंबूबाहेर रचून ठेवल्यात. रोज त्या फोडायच्या, वितळवायच्या आणि मग ते पाणी पुन्हा गोठू नये म्हणून जीव टाकायचा. रात्री शेगडी विझते, आणि पहाटे माणसं कळपाकडे निघतात तेव्हा चहाला आयतं पाणी हवं. सासूबाईंनी पढवलं: कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, नमद्यात, म्हणजे जाड लोकरीच्या पट्टीत, गुंडाळायचा, तंबूच्या कडेला हिमात खड्डा करून पुरायचा, कारण हिमाच्या पोटात ऊब असते. बाटली असेल तर उलटी पुरायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

हे सगळं मला माहीत आहे हो. मीही यांच्याच जमातीतली, एवेनच आहे, वसतिशाळेत वाढले म्हणून काही आभाळातून पडले नाही. पण सून म्हणजे ऐकून घ्यायचं.

एक मात्र खरं, मला किळस फार. यांच्या पळीला गेल्या वर्षीची चरबी चिकटलेली. राखेनं घासून काढली तेव्हा कुठे पाणी घशाखाली उतरलं.

१३ जानेवारी

फजिती. कॅन गोठला, नुसता गोठला नाही, उभा फाटला. काल उणे पन्नासच्या खाली गेलं होतं आणि मी खड्डा उथळ खणला. झाखार आणि काका बिनचहाचे गेले. दिवसभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, शेगडीशी बोलल्या. शेगडीला सांगत होत्या की एकीला कळायला उशीर लागला, पण कळलं तर खरं. हिला कधी कळणार?

ही 'एकी' म्हणजे झाखारची पहिली बायको, उस्तिन्या. थंडीनं गेली, एवढंच मला ठाऊक. इथे सगळं गोठतं, सासूबाईंची जीभ तेवढी गोठत नाही.

१४ जानेवारी

सापडला उपाय! घसरगाडीवरच्या पोत्यांच्या तळाशी एक जुना बायकी कोट मिळाला. दाट केसांचा, कॉलरला मण्यांचं काम. आधी हात मागे घेतला. पण मी काही बावळट नाही. मेलेल्या माणसाचा कपडा आपण चीर दिल्याशिवाय ठेवत नाही. चीर दिली की कपडाही मेला आणि माणूस मोकळा. येताना वाटेत थडग्याजवळ झाडाला टांगलेले कोट पाहिलेच होते, सगळे पाठीत उभे चिरलेले. हा कोट मी उजेडात धरला, अस्तर उलटवलं, शिवणी चाचपल्या. कुठे चीर नाही. म्हणजे जिवंत माणसाचाच, सासूबाईंचा तरुणपणचा असणार.

दुसरा कॅन त्यात गुंडाळला, बाह्या पुढे घेऊन गाठ मारली. सासूबाई बघत होत्या. शेगडीत लाकूड घालायचं राहून गेलं त्यांचं.

१५ जानेवारी

पाणी गोठलं नाही. पापुद्रासुद्धा नाही. उलट कोमट होतं. झाखारनं दोन मग चहा घेतला आणि चक्क म्हणाला की बरं झालं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी नाचायचीच बाकी राहिले.

१७ जानेवारी

लिहू की नको असं झालंय. पाण्याला वास येतो. सकाळी उठल्या उठल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. वर बारीक तवंग आहे, बोट फिरवलं की बोटाला चिकटतो, बुळबुळीत. कॅन राखेनं घासला, उकळत्या पाण्यानं धुतला. आज पुन्हा तेच. चहाची पत्ती दुप्पट घातली तरी वास लपत नाही. झाखार आणि सासूबाई मिटक्या मारत पितात. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या की नाक मुरडणाऱ्या बाईचं इथे भागत नाही.

कोटाच्या आतून हात फिरवला. कुणीतरी आत्ताच अंगातून काढून ठेवल्यासारखा उबदार. काखेत ओला.

१८ जानेवारी

झाखार काल संध्याकाळीच स्नोमोबाइल घेऊन कळपाकडे गेला, आठवडाभर तिकडेच.

आज पळीत केस आला. लांब, काळा. माझे केस मी कापलेत, सासूबाईंचे पांढरे. चिमटीत धरून ओढला तर कॅनमधून येतच राहिला, येतच राहिला, आणि टोकाला पांढरट गर. मी बाहेर जाऊन ओकले. ओकलेलं तिथल्या तिथे गोठलं, त्याचीसुद्धा किळस आली.

आणखी एक. काल कॅन गळ्याच्या चार बोटं खाली भरला होता. सकाळी काठोकाठ. तंबूत आम्ही दोघीच आणि सासूबाईंनी हात लावला नाही, माझी नजर होती.

कोट पोत्यात नेऊन टाकला. तिन्हीसांजेला बघते तर पुन्हा कॅनवर, बाह्यांची गाठ माझ्यासारखीच.

१९ जानेवारी

काकांच्या तंबूत गेले आणि सरळ विचारलं, कोट कुणाचा. काका जोडा दुरुस्त करत होते, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग बोलले.

उस्तिन्याच्या हातूनही एकदा पाणी गोठलं होतं. सासूबाईंनी तिला टोचून टोचून नको केलं. पुढच्या खेपेला ती कळपावरच्या माणसांसाठी घसरगाडीवर कॅन घेऊन निघाली आणि वादळात सापडली. हे लोक पोचले तेव्हा ती गाडीला टेकून बसलेली, लाकूड झालेली. अंगात कोट नाही. कोट कॅनला गुंडाळलेला आणि दोन्ही हातांची मिठी. कॅनमधलं पाणी मात्र जसंच्या तसं, पातळ. त्याच पाण्याचा चहा करून हे सगळे परतले. काकांनीही घेतला. चव कशी होती, ते मी विचारलं नाही.

तिचे बाकीचे कपडे चिरून थडग्यापाशी टांगले. कोट चिरायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, इतका चांगला कोट चिरायला हात धजत नाही. पोत्यात भरला. काका म्हणाले, "कोटाला चीर नाही, म्हणून ती अजून पाणीच राखत बसलीय, पोरी."

मला गावाला नेऊन सोडा म्हटलं. त्यांच्या रेनडिअरांना एवढा पल्ला झेपणार नाही. ते उद्या कळपाकडे जातील आणि झाखारला मशीनसकट परत धाडतील. तोवर ते पाणी पिऊ नकोस म्हणाले. आणि सासूबाईंना काही सांगू नकोस.

२० जानेवारी

मी माझा बर्फ वेगळा वितळवते, मगमध्ये. सासूबाईंनी तो मग शेगडीवरून उचलून बाहेर ओतला. रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तिनं या पाण्यापायी जीव दिला. तुला एक घोट घेववत नाही?"

मी म्हटलं, मला किळस येते.

म्हणाल्या, "ती कधी म्हणाली नाही असं."

२१ जानेवारी

वादळ. बाहेर पडायची सोय नाही. माझी काडेपेटी गायब, शेगडी त्यांच्या ताब्यात. हिम चघळलं, तोंड सोलवटलं आणि तहान वाढलीच.

कोटाला चीर द्यायची ठरवली. त्या पेंगल्या तेव्हा सुरी घेतली, कोटाच्या पाठीत खुपसली. कातडं चिरेना. दाबलं तर पातं बुळबुळलं आणि कोमट पाणी मनगटावर आलं. भोक दिसेना. ओठ मिटावेत तसं मिटलं.

हात धुवायलाही तेच पाणी.

२२ जानेवारी

प्यायले.

गोड लागलं. सगळ्यात किळस त्याचीच आली. पुन्हा प्यायले.

सासूबाई हसल्या. काहीतरी शिवत बसल्यात.

२३ जानेवारी

शिवत नव्हत्या. माझा कोट – आईनं शिवलेला – पाठीत उभा चिरलाय, कॉलरपासून खालपर्यंत. मोजे, टोपी, सगळ्याला चीर. टाक्यांना धक्का न लावता कापलंय. बाहेरच्या झाडाला टांगलाय, वाऱ्यानं हलतो.

मी जिवंत आहे म्हटलं. ओरडून म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच नाहीत. दुसऱ्या कुणाशी बोलतात, लाडानं, पुटपुटत, कॅनच्या बाजूला बसून.

२४ जानेवारी

शेगडी विझली. त्यांनी पेटवली नाही. त्यांना थंडी नाही. माझी बोटं –

तंबूत घालण्यासारखं एकच आहे.

नाही घालणार. त्याच्या कॉलरला आतून लाळेसारखं काही –

नाही.

दुपार

घातला.

ऊब. देवा, केवढी ऊब. काखेतून ओघळतंय, कमरेपर्यंत. चिकट. केस मानेला चिकटले, लांब – माझे नाहीत एवढे लांब. गाठ मी मारली नव्हती, बाह्याच पुढे –

काढता येत नाही. कॅन मांडीवर आहे. मिठी सुटत नाही, लिहायला एक हात कसाबसा –

मशीनचा आवाज. झाखार आला. मी सांगेन त्याला. मी लुकेरिया, लुकेरिया, लुके–

सासूबाई दार उघडून सांगतायत, पाणी तयार आहे, गोठू दिलं नाही हिनं.

तो हाक मारतोय. उस्तिन्या म्हणून.

मी ओ दि–