सीटी स्कॅनचं पाणी वाटून प्यालो त्याची हकीकत

डिंगोरे, ता. जुन्नर
बुधवार

तीर्थरूप दाजींच्या चरणी कुंडलिकचा, पोटाला झेपेल तितकं वाकून नमस्कार.

आपला गुडघा आणि अक्काचा राग, दोन्ही आटोक्यात असतील. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मी ओरडतो आणि तुमच्याआधी सगळ्या वाडीला कळतं. म्हणून शेजारच्या भरतला मोटारसायकलवरून हे पत्र घेऊन पाठवतोय. बातमी जबर आहे. दाजी, माझा चोर सापडला! सोमवारी पुण्यात ऑपरेशन करून त्याला बाहेर काढायचं ठरलंय.

दीड वर्ष माझं रक्त कुठं मुरत होतं ते कुणाला कळत नव्हतं. हिमोग्लोबिन सातवर आलं, टोमॅटोचं क्रेट उचललं की डोळ्यांपुढं काजवे. वरून दुर्बीण घातली, काही नाही. खालून घातली (हे अक्कासमोर वाचू नये), काही नाही. मग डॉक्टर म्हणाले, मधलं लहान आतडं पंधरा-वीस फुटांचं असतं, तिथं या दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत. म्हणजे जुन्नर शोधलं, कल्याण शोधलं, आणि गाडी अडकलीय माळशेज घाटात! त्यासाठी सीटी स्कॅन करायचा, तोही आतडी पाण्यानं फुगवून.

लेकीला, स्नेहलला, घेऊन उपाशीपोटी स्कॅन सेंटरात गेलो. तिथल्या आरती नावाच्या मुलीनं दीड लिटर गोडसर पाण्याची बाटली हातात दिली. पाऊण तासात, थोडं थोडं करत, सगळं संपवायचं. ('सगळं'वर तिनं जोर दिला होता, हे मी आता कबूल करतो.) शेजारी संपतराव म्हणून एक गृहस्थ, बहिणीला मुतखड्याच्या तपासणीला घेऊन आलेले. आता तुम्हीच सांगा दाजी, समोर माणूस बसलाय आणि आपण एकट्यानं घटाघटा प्यायचं, असं आपल्या घराण्यात कधी झालंय का? मी म्हणालो, "पावणं, घ्या की घोटभर." ते म्हणाले, "नगं, नगं." पण आग्रह करायला मी कुणाला हार जात नाही, आणि अडवणारी स्नेहल कागद भरायला खिडकीपाशी उभी. तिसऱ्या आग्रहाला त्यांनी बाटली घेतली. माणूस लाजरा नाही, हे मला उशिरा कळलं. अर्धी बाटली खाली करून वर म्हणाले, "लई ग्वाड हाय, राव." उरलेलं मी प्यालो आणि मनाला समाधान वाटलं.

मशीनमध्ये झोपलो. मशीन हिंदीत म्हणालं, "साँस रोकिए." मी "हां जी" म्हणालो, तेवढ्यात रोखलेला श्वास सुटला. पहिली चित्रं बघून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आतडी चपटी, घड्या पडलेली. "पाणी सगळं प्यालात ना?" नेमके त्याच वेळी संपतराव पोट धरून तिसऱ्यांदा संडासाकडं पळाले, आणि आरतीला सगळा उलगडा झाला. (त्या पाण्याचा तसा गुण आहे. मलाही घरी येईपर्यंत आला.) बाई रागावतील वाटलं, पण त्या खुर्ची धरून हसल्या. मग नवी बाटली, आणि समोर स्नेहलचा पहारा.

दुसऱ्या खेपेला शिरेतून औषध सोडलं. सगळं अंग गरम झालं. (हळूच पायजमा चाचपला, कोरडा होता.) आतडं फुगलं, घड्या उलगडल्या, आणि दिसला की हो! दोन सेंटिमीटरचा गोळा, आतड्याच्या भिंतीतून बाहेर डोकावणारा. आधीच्या चित्रात तो घडीत लपून गेला होता, म्हणाल्या. बाईंनी तो पडद्यावर दाखवला तेव्हा मी ताडकन उभाच राहिलो. अशा गोळ्यांच्या जाती असतात. कुठली ते औषध पिऊन लखलखते, कुठली आजूबाजूची चरबी ओढून घेते, कुठली भिंतच जाड करून भोवती गाठी धरते. नारायणगावच्या बाजारात मी क्रेट न उलटता मालाची प्रत सांगतो, तशा बाई नुसत्या बघून सांगत होत्या. माझ्या गोळ्याची कड नीट आहे, भोवती गाठी नाहीत, लिव्हर स्वच्छ. पण पक्की जात काढून तपासल्यावरच कळेल. टोमॅटोही शेवटी कापूनच बघावा लागतो.

तेव्हा काळजी नसावी. मला काडीची भीती वाटत नाही. आपण मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नये.

आपला आज्ञाधारक,
कुंडलिक

ता.क. संपतरावांचा फोन आला होता. पोट इतकं हलकं वीस वर्षांत झालं नव्हतं म्हणे. पाण्याचं नाव विचारत होते.

ता.क. दुसरा. स्नेहलनं पत्र वाचलं. म्हणाली, "आप्पा, खोटं कशाला लिवता? तुमी उभं न्हाई राहिला, मटकन खाली बसला व्हता. अन् गाडीत रडला." पोरीचं खरं आहे. ऑपरेशनच्या संमतीचा कागद आठ दिवस देवाच्या फळीवर आहे आणि माझी सही अजून झालेली नाही.

ता.क. तिसरा. दाजी, रविवारी या. हे दुखणं अर्धं कुणाला पाजता आलं असतं तर मी आग्रह केला असता, पण तसं होत नाही म्हणतात. तुम्ही काही बोलू नका, नुसते समोर बसा. तुमच्यासमोर माघार घ्यायची मला लाज वाटते, तेवढ्यात माझी सही होऊन जाईल. आणि सोमवारी दवाखान्यात निघताना पोटभर खाऊन निघा. त्या दिवशी तुम्हाला आग्रह करायला मी शुद्धीवर नसेन.