रुसलेल्या बायकोचं पद

३ नोव्हेंबर
लागलं बिऱ्हाड एकदाचं! नवीन जालन्यात, स्टेशनमागं दोन खोल्या, वर हवेशीर गच्ची. अंबडला जन्मभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. बेअरिंग गेलं का वाइंडिंग, हे मोटार न उघडता नुसतं ऐकून सांगायचो. त्याच कानांवर संसार उभा राहिला. आता धंदा पोराच्या हवाली. मी, चावीचा ग्रामोफोन आणि संगीत नाटकांच्या तबकड्या. आमची ही, वंदना, म्हणाली, तुमच्या नाटकवाल्यांनी कपाट खाल्लं, आता माझी भांडी काय डोक्यावर ठिवू?

६ नोव्हेंबर
जुन्या जालन्यात रशीदच्या भंगारात एक तबकडी गवसली, लेबल खरवडलेली. रशीद म्हणाला, काका, हर टायमाला नवी सुई लावा, घासलेली सुई तवा, म्हंजे तबकडी, खाते. आवाज घासून गेला की बिलकुल परत येत न्हाई. मलाच शिकवून राह्यला!
घरी लावली. विनोदी नाटकातलं पद. बायको रुसलीय, नवरा लाडू दाखवतोय. बायकोचं गाणाराही पुरुषच, पण नाक मुरडणं असं की वंदनापण खुदकन हसली.

७ नोव्हेंबर
पुन्हा लावली. पेटीच्या सुरामागं टिकटिक. काल नव्हती, माझा कान चुकत नाही. आमच्या घड्याळासारखीच, मधेच अडखळणारी. वर पाहिलं. काटे फिरत होते. घड्याळ मुकं.

८ नोव्हेंबर
कुकरची वाफ उसळली, शिट्टी न्हाई. शिट्टी तबकडीत सापडली. दरवेळी घरातला एक आवाज आत जातो. तबकडी बांधून ठेवायला हवी. पण अशी चीज कुणाकडं असंल? अजून एकदाच—

९ नोव्हेंबर
वंदना चहाचं विचारायला आली. ओठ हलले. आवाज नाही. डॉक्टर म्हणाला, गळा बराबर आहे.
तबकडी लावली. नाटकातल्या बायकोच्या जागी वंदना. "अहो, ऐकलं का?" लख्ख.

११ नोव्हेंबर
तबकडीतला तिचा आवाज मोबाईलवर उतरवून पाहिला. त्यात नुसती खरखर. आणि दरवेळी नवी सुई लावूनही तबकडीतला तिचा आवाज बारीक होत चाललाय.
रशीदकडं गेल्तो. म्हणाला, ज्या घरातून घेतली तिथं भाव खुणांनीच ठरला. मी समजलो, काका, सगळे जन्माचे मुके.

१२ नोव्हेंबर
तबकडी फोडावी तर तिचा आवाजही फुटेल. लावावी तर झिजेल. कुलपात ठेवली.
वंदनानं मोबाईलवर लिहून दाखवलं: मला माझाच आवाज आठवना. एकदाच लावा.
नाही म्हणालो. रडली. तोंड उघडं, खांदे हलतायत, आणि काहीच ऐकू न—

१३ नोव्हेंबर, दुपार
लावली. शेजारी बसून ऐकतेय. हसली.
"अहो—" केवढी दूर गेलीय.
तिच्यामागं काहीतरी. सुईची खरखर न्हाई. कागदावर पेन. मी थांबलो की थांबतं—
इथं माझं पेन कागदावर— काहीच ऐकू येत न्हाई—
मी ओरडलो, वंदना, सुई उचल.
ते तबकडीतून आलं. माझाच आवाज. आणि वंदना मान डोलावून राह्यली, तिला वाटतं मी अजून इथं बोल