वरच्या खोलीतली एका मिनिटाची शांतता

मी खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंद्याने ध्वनिमुद्रक, सध्या टेकडीवरच्या बंद पडलेल्या दवाखान्याचा राखणदार. चित्रपटाच्या लोकांत मला ‘कान’ म्हणतात. डोकं ठिकाणावर आहे, कान त्याहून ठिकाणावर आहेत, आणि माझ्यावर दबाव आणायला या इमारतीत दुसरं कोणी नाही. तेव्हा माझ्या पश्चात करायची व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवतो.

एक. इमारत विश्वस्तांची आहे, ती मला कोणालाच देता येत नाही. तिच्यात भूत आहे अशी बोलवा आहे, ती आमच्या चित्रपटाची कृपा. तो इथेच काढला. पुढे आठ वर्षांनी मी राखणदार म्हणून परत आलो, एकोणीस वर्षं इथे एकटा राहिलो, पण भूत काही भेटलं नाही. भेटलं असतं तर बसवून घेतलं असतं, चार शब्द बोललो असतो.

दोन. बँकेतली शिल्लक आणि भिंतीवरचं घड्याळ मेहुणीला. बायको सोडून गेल्यावरही मुलीची खबरबात तिनेच मला कळवली, आणि एकदाही टोमणा मारला नाही.

तीन. मायक्रोफोन आणि तारा रंगभूषाकाराला. चित्रपटाला पैसे इतके तुटपुंजे की भुताला रंगवायचाही तोच आणि भूतही तोच. तोंडाला पांढरं फासून पंगतीला बसायचा. वर्षातून एकदा मला भेटायला टेकडी चढतो, तोही तोच. मित्रा, खुशाल विकून खा, पण ओल लागू देऊ नकोस.

चार. दिग्दर्शकाला काही नाही. सत्तावीस वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली. पण कडी त्याने घातली नव्हती, हे इथे नोंदवतो.

पाच. माझ्या मुलीसाठी. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, शाळेला सुट्टी म्हणून बरोबर आणली होती. भरदुपारी खिडक्यांना काळे कागद चिकटवून आम्ही अंधार करायचो. दिग्दर्शकाला वरच्या खोलीत कोंडलेल्या पोरीचं रडणं हवं होतं. हिला खोटं रडताना हसूच फुटे. तो म्हणाला, “कान, पोरगी तुझीच आहे ना? दोन मिनिटं दार लाव की.” मी तिला म्हटलं, “आत जाऊन माइक सरळ आहे का बघ गं.” ती गेली आणि मी बाहेरून कडी घातली.

ती रडली. माझ्या कानांवर हेडफोन होते. यंत्रावरची आवाज मोजणारी सुई तांबड्यात जाऊ लागली, तेव्हा आवाज फाटू नये म्हणून मी बटण खाली फिरवलं. बापाचा हात दाराकडे जायला हवा होता, माझा बटणाकडे गेला. याची मला लाज वाटते.

आमच्यात प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता वेगळी टिपून ठेवतात, पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला. ती दमून गप्प झाली, तेव्हा त्या शांततेसाठी मी आणखी एक मिनिट दार उघडलं नाही. त्या मिनिटात ती स्वतःशी पुटपुटली. शांतता बिघडली. मी डबीवर ‘खराब’ लिहिलं आणि दुसऱ्या खोलीची शांतता वापरली.

संध्याकाळी तिची आई आली आणि तिला घेऊन गेली. त्यानंतर मुलगी माझ्याशी बोललेली नाही. चित्रपट चार दिवस चालला. मेहुणी सांगते, ती आजही न्हाणीघराचं दारसुद्धा लावून घेत नाही.

ते ‘खराब’ रीळ आणि ते वाजवायचं यंत्र, तेलपाणी केलेलं, तिचं. त्यावर ती म्हणते, “बाबा बाहेरच आहेत. बाबांना ऐकू येतंय. उघडतील आता.”

बाळा, मला ऐकू येत होतं. वाक्य न् वाक्य.

सहा. रीळ रंगभूषाकाराने स्वतः नेऊन द्यावं. ऐकायचं की जाळायचं, ते तिचं ती ठरवेल. माझ्या अंत्यविधीला तिला गळ घालू नये. आपण होऊन आलीच, तर तिला वरच्या खोलीत न्यावं. कडी मी नोकरीवर रुजू झालो त्याच दिवशी उपटली, गेल्या वर्षी दारही बिजागऱ्यांवरून उतरवलं. ते तिला दिसावं, एवढीच माझी इच्छा.

सही: कान

साक्षीदार: १. रंगभूषाकार (भूत, निवृत्त) २. टपाल आणणारे काका, ज्यांनी मला कधी तिचं पत्र आणलं नाही, पण दर वेळी पिशवी पुन्हा एकदा चाचपून पाहिली

तारीख: चौदा मार्च

ठिकाण: वरची खोली. हिला आता दार नाही.