रिसीव्हरवरचा डबा

सोमवार, ६ एप्रिल २०२६

इशिता परत रडवेलं तोंड घेऊन आली. "सर, नाही येत तो रिझल्ट."

अगं, २००४ साली मला आला, पेपर छापला, त्यावर मी पर्मनंट प्रोफेसर झालो — आणि तुला सात महिन्यांत येत नाही? माझ्या मांडणीत भिंतीआड वायरलेस सिग्नल दुप्पट होतो. एवढं साधं!

"तुमच्या वेळी टेबलावर आणखी काही होतं का?"

"काही नव्हतं. तुझंच चुकतंय."

पीएचडी लटकलीय तिची.

बुधवार, ८ एप्रिल

सतराला माझा रिटायरमेंटचा सत्कार. डिपार्टमेंटला जुने फोटो हवेत. मेल्यावर लावतात तसे, फक्त हार नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

बायकोनं, शोभानं, फोटोंचा खोका उपसला. एका फोटोत मी — डोक्यावर केस! — आणि शेजारी त्याच प्रयोगाचा, सिग्नल पकडणारा रिसीव्हर. त्याच्यावर स्टीलचा डबा. माझाच! मायक्रोवेव्हमध्ये आमटी ठेवली की डिपार्टमेंटमधले गोरे नाक मुरडायचे, म्हणून तापलेल्या रिसीव्हरवर ठेवायचो. रोज. अँटेनाला खेटून.

हा फोटो काही दिला नाही.

शनिवार, ११ एप्रिल

लॅबमध्ये कुणी नव्हतं. डबा ठेवला — सिग्नल दुप्पट. उचलला — गेला. पाच वेळा केलं. स्टीलवर आपटून सिग्नल अँटेनावर येतो, बस्स. कसली डोंबलाची थिअरी!

शोभा हसून हसून बेजार. "बावीस वर्षं माझ्या डब्यावर मिरवलात!" मग एकदम गंभीर झाली. "अहो, त्या पोरीला आजच सांगा."

म्हटलं, सत्कार तेवढा होऊ दे.

शुक्रवार, १७ एप्रिल

डीननं मला 'लेजंड' म्हटलं. मी मान डोलावली. आणि पडद्यावर तोच फोटो! डब्यासकट, भिंतीएवढा! लोक माझ्या केसांना हसले. कुणी दिला कोण जाणे. बोलायला तोंड उघडलं — आणि केक खाल्ला.

निघताना इशितानं पाकीट दिलं. आत चिठ्ठी — पीएचडी सोडतेय.

भित्रा आहे मी. नालायक!

शनिवार, १८ एप्रिल

सकाळीच डबा घेऊन तिच्या अपार्टमेंटवर गेलो. सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही.

"सर, त्या फोटोची एक प्रत मला फेब्रुवारीतच लॅबच्या जुन्या वहीत सापडली. डबा ठेवूनही बघितला. काल पडद्यावर मीच लावला. म्हटलं, बघून तरी बोलाल."