पेटी नवीच निघू दे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज सकाळी गाईंचं दूध काढून झाल्यावर हात धुतले आणि मर्व्ह काकांची वस्तू शेडमधून उजेडात ओढून आणली. काका गेल्या महिन्यात वारले. जुन्या घरातली ही एकच वस्तू माझ्या वाट्याला आली. मूळची आजोबांची. सिडारचं लाकूड. खुर्चीएवढी उंच पेटी, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे. झाकण उचललं तर आत फळी, आणि फळीला मधोमध गोल भोक. खाली पोकळ जागा, तिला छोटंसं दार.

नोलीनने डोकावून पाहिलं. म्हणाली, "छान! तुझ्या म्हातारपणाची सोय झाली." पंचवीस वर्षांच्या संसारात तिने जुन्या वस्तूंमध्ये कधी रस घेतलेला नाही.

ठराव: पेटी कसली आणि कोणत्या सालची हे आठवड्याभरात शोधून काढणे. वाचनालयातून पुस्तक आणलं आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

नोलीन झोपल्यावर लिहितोय.

मी चर्चचा वॉर्डन, म्हणजे सामान आणि हिशेब सांभाळणारा, म्हणून जुन्या वह्या माझ्याकडे असतात. आजोबाही वॉर्डन होते. एकोणीसशे एकोणतीस सालच्या पुरानंतरची यादी त्यांच्याच अक्षरात आहे: 'बाप्तिस्म्याच्या भांड्याचा स्टँड, सिडारचा. सापडला नाही.' तेव्हापासून आमच्या वॉटल फोर्ड गावातली सगळी मुलं एनॅमलच्या भांड्यातल्या पाण्याने बाप्तिस्मा घेतात. मीही घेतला.

सिडार. मधोमध गोल भोक. भांडं बसवायला.

उंची जरा कमी आहे, हे खरं. पण पूर्वीची माणसं गुडघे टेकत, आतासारखी ताठ नव्हती. दांडे पाद्रीबुवांना हात टेकायला असणार. सगळं जुळतंय.

म्हणजे आजोबांनी... पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बावीस तारखेला माझ्या नातीचा, ब्रॉनीचा बाप्तिस्मा. पाप चौथ्या पिढीपर्यंत उतरतं म्हणतात. खुद्द आजोबांपासून मोजलं तर ब्रॉनी पाचवी, म्हणजे सुटली. त्यांच्या मुलांपासून मोजलं तर बरोब्बर चौथी. तीनदा मोजलं. गाईंना चारा टाकताना पुन्हा मोजलं.

एकच वाट दिसते. पेटी एकोणतीसनंतरची निघाली तर आजोबा निर्दोष. जुनं सामान ओळखायच्या खुणा पुस्तकात दिल्या आहेत. लोक त्या सापडाव्यात म्हणून शोधतात. देवा, मला एकही सापडू नये.

ठराव: रविवारच्या आत पेटी नवी आहे हे सिद्ध करणे. नोलीनला सांगायचं नाही. ती घाबरेल.

शनिवार, ७ फेब्रुवारी

खिळे चौकोनी. पुस्तकाप्रमाणे जुने.

कोपऱ्यातले सांधे कबुतराच्या शेपटीसारखे, हाताने कापलेले; एक दुसऱ्यासारखा नाही. जुने. दुसरा कोणी असता तर नाचला असता. मी बादलीवर बसून राहिलो.

दुपारी ३. देव दयाळू आहे! झाकणाच्या बिजागरीत डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू सापडला. पुस्तकात स्पष्ट आहे, असले स्क्रू एकोणतीस साली कुठेच नव्हते. शेडमध्येच गुडघे टेकले. आजोबांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

रात्रीचं जेवण. सहज म्हणून स्क्रूचा विषय काढला. नोलीन म्हणाली, "तो होय? बिजागरी लोंबत होती. मीच लावला परवा." मटण तसंच राहिलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

नोलीन होबार्टला लेकीकडे गेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळे तिकडूनच येतील. गाडीत बसताना म्हणाली, "त्या पेटीत एवढा जीव अडकलाय तर उना आत्याला विचार की! तुझ्या आजोबांची तेवढी एक लेक उरली आहे. चौऱ्याऐंशीची असली तरी तिचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं."

विचारणार आहे. उद्याच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

उना आत्याच्या वृद्धाश्रमात गुरुवारी केस कापणारी बाई येते. अशा वेळी जाणं बरं नव्हे.

त्याऐवजी पेटीचं छोटं दार काढलं आणि शहरात जुन्या सामानाच्या दुकानात दाखवायला नेलं. अख्खी पेटी नेली नाही. कोणी ओळखली तर?

दुकानदाराने नाव विचारलं. घाबरून तोंडाला आलं ते सांगितलं, "ओक."

तो म्हणाला, "ओक नव्हे हो, सिडार आहे."

म्हटलं, "लाकूड सिडार. मी ओक."

त्याने भिंगातून पाहिलं, दाराला नाक लावून हुंगलं, जरा मागे सरकला. मग हात पुढे केला. "अभिनंदन, मिस्टर ओक! एकोणीसशेच्या किती तरी आधीचं काम आहे." माझे पाय लटपटले. त्याने स्टूल दिलं. म्हणाला, "आनंदाने होतं असं बऱ्याच जणांचं. बाकीचं कुठाय? आणा ना, कशाचं दार आहे ते सांगतो." मी गाडी गाठली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शुक्रवार आणि तेरा तारीख. मी असलं काही मानत नाही. दूध काढलं, बाकी दिवस घरातच होतो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आत्याकडे गेलो. हवापाणी, गवताचा भाव, गुडघे, सगळं बोलून झालं. तिची चार बिस्किटं खाल्ली. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून बोलावं लागतं; आणि असली गोष्ट ओरडून कशी विचारायची? शेवटी तीच म्हणाली, "मर्व्हकडची बाबांची ती पेटी तुझ्याकडे आली म्हणे? अरे, तिच्यावर तर बाबा..."

मी उठलोच. म्हटलं, गाय व्यायला झाली आहे. कोणतीही गाय व्यायला झालेली नाही. आता खोटं बोलणंही सुरू झालं. पाप असंच उतरत असणार.

पण तिला ठाऊक आहे. एवढी वर्षं बिचारी हे ओझं वाहते आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

झोप नाही. पाद्रीबाई ग्वेनिथना भेटलो. आमच्याकडे येऊन त्यांना तीनच महिने झालेत. चार गावांची चर्चेस सांभाळतात, सदा घाईत. म्हटलं, चर्चचा हरवलेला स्टँड सापडला आहे. कुठे सापडला ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. त्या टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अय्या, डेन्झिल! मग परवा ब्रॉनीचा बाप्तिस्मा त्यातच करू या!"

ठराव, शेवटचा: वस्तू ज्याची त्याला परत करणे, आणि सर्वांसमोर कबुली देणे. पाण्याचा थेंब मुलीच्या डोक्याला लागायच्या आधी.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी ७

पेटी एकट्याने चर्चमध्ये नेली. एनॅमलचं भांडं भोकात अगदी चपखल बसलं. उरलीसुरली शंकाही गेली. वरून पायापर्यंत पांढरी चादर घातली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उभा राहिलो. तेवीस माणसं होती. पहिल्याच बाकाशेजारी आत्या, चाकांच्या खुर्चीत. म्हटलं, "हा स्टँड एकोणतीसच्या पुरात हरवला नव्हता. माझ्या आजोबांनी तो चोरला." ब्रॉनी अंगठा चोखत होती.

आत्याने मोठ्याने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

माझ्या लेकीने तिच्या कानात ओरडून सांगितलं, "पणजोबांनी चोरी केली म्हणताहेत!"

"कुणी? बाबांनी?" आत्याने काठीने चादर वर केली. बघत राहिली. मग साऱ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे गाढवा! हे कमोड आहे. बाबांचं! शेवटची चार वर्षं भांडं मी रिकामं करायचे."

मागच्या बाकावरून कोणी तरी हुंदका दिला. हुंदका नव्हता. नोलीन होती.

आत्या मात्र हसत नव्हती. म्हणाली, "तो स्टँड वाहून जाताना बाबा छातीभर पाण्यात उतरले होते. एकटे. दोरी बांधून माणसांनी ओढून काढलं त्यांना. त्या थंडीने पाय धरले ते कायमचे. तेव्हा हे जुनं कमोड लिलावातून आणलं. आणि तू त्यांना चोर म्हणतोस. देवाच्या घरात."

मला खाली बसायचं होतं. जवळ बसण्यासारखी तीच एक वस्तू होती.

पाद्रीबाईंनी भांडं अलगद उचललं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "घट्ट धरा." धरलं. पाणी सांडलं, पण माझ्याच बुटांवर. ब्रॉनी रडली नाही. सगळे चहाला गेले तेव्हा मी एकटाच आजोबांशी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

बाहेर आत्या थांबली होती. म्हणाली, "आता त्याचं काय करणार आहेस? आमच्याकडचं प्लास्टिकचं बोचतं रे मला."

वस्तू ज्याची त्याला परत करायची हे ठरलंच होतं. चार वाजता तिच्या खोलीत नेऊन ठेवली, पलंगाशेजारी. तिने दांड्यांवर हात ठेवून पाहिले. म्हटलं, "आत्या, मला माफ कर." ती म्हणाली, "करीन. आधी बाहेर हो, आणि दार लावून घे."

लावून घेतलं.